दोषसहिष्णू वितरित प्रणालींचे साधनसंच

एकच काम जाळ्याने जोडलेल्या अनेक संगणकांनी मिळून करायचे आणि त्यांतला एखादा मध्येच बंद पडला तरी काम अडू द्यायचे नाही, अशा प्रणाली उभारण्यासाठी मिळणारी तयार सॉफ्टवेअर-सामग्री. व्यवहारात तिला टूलकिटच म्हणतात.

अडचण कुठे आहे ते उदाहरणाने पाहू. समजा, गोव्यातल्या एका पतसंस्थेच्या म्हापसा, डिचोली, पणजी, फोंडा आणि मडगाव अशा पाच शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेत खात्यांची एकेक प्रत आहे. आषाढातल्या वाऱ्यात माड आडवा होऊन तार तुटते. पणजीला म्हापशाचे उत्तर येत नाही. म्हापशाचा संगणक बंद पडला, की नुसती वाट बंद झाली? पणजीत बसून हे कळायला मार्ग नाही. जुलै १९८६ मध्ये मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा उत्तर काठचा बार्देश तालुका जागेवरच होता, दक्षिण काठची तिसवाडीही जागेवरच होती. नव्हता तो मधला पूल. जाळ्याचे विभाजन म्हणतात ते हेच. अशा वेळी दोन्ही काठांनी पैसे देणे चालू ठेवले, तर एकाच खात्यातली तीच रक्कम दोनदा बाहेर जाईल.

यावर तोडगा बहुमताचा. मांडवीच्या उत्तरेकडे म्हापसा आणि डिचोली या दोन शाखा, दक्षिणेकडे तीन; पाचांत तिघांची गणपूर्ती होते, म्हणून दक्षिण काठ व्यवहार करतो आणि उत्तर काठ थांबतो. देवळाच्या महाजनांची सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावायला नको. कोणत्याही दोन बहुमतांत निदान एक सभासद सामाईक असतोच, त्यामुळे परस्परविरोधी ठराव होऊ शकत नाहीत. दोनच सर्व्हर घेऊन निर्धास्त होणाऱ्या कचेऱ्या इथेच फसतात: तार तुटली की बहुमत कोणाकडेच उरत नाही. संगणक नुसता बंद न पडता खोटेही बोलू शकतो असे धरले, तर हिशेब आणखी महाग होतो. एक बंद संगणक पचवायला तीन पुरतात. एक लबाड पचवायला चार लागतात.

फिशर, लिंच आणि पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये सिद्ध केले की, निरोपाला किती वेळ लागेल याची मर्यादाच नसेल आणि एक जरी संगणक बंद पडण्याची शक्यता असेल, तर नशिबावर काही न सोडता ठरलेल्या पायऱ्यांनीच चालणारी कोणतीही रीत, सर्व संगणकांचे एका निर्णयावर एकमत होईलच याची हमी देऊ शकत नाही. साधनसंच या सिद्धांताला हरवत नाहीत, त्याच्याशी जुळवून घेतात. ठरावीक वेळ वाट पाहून 'तो गेला' असे धरतात. अंदाज चुकला तर काम रेंगाळते, पण चुकीचा ठराव होत नाही.

या क्षेत्रातला गाजलेला आरंभीचा संच म्हणजे आयसिस. कॉर्नेल विद्यापीठात केन बर्मन यांच्या गटाने तो १९८०च्या दशकात केला. ऑसिरिसच्या देहाचे विखुरलेले तुकडे जुळवणाऱ्या इजिप्शियन देवीचे नाव यापेक्षा समर्पक मिळाले नसते. त्यातली मुख्य कल्पना अशी: आधी गटात कोण कोण आहे ही यादी सर्वांकडे सारखी करायची, मगच निरोप द्यायचा, कोणी आला-गेला की यादी नवी. न्यूयॉर्क शेअर बाजारात आणि फ्रान्सच्या हवाई वाहतूक नियंत्रणात तो वापरला गेला. होरस आणि एन्सेम्बल हे त्याचे वंशज. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा स्प्रेड आणि जावा या संगणकभाषेसाठीचा जेग्रुप्स त्याच धाटणीचे.

एरिक्सन या टेलिफोन-यंत्रणांच्या कंपनीतून आलेल्या अर्लँग-ओटीपीची, म्हणजे अर्लँग ही संगणकभाषा आणि तिच्या सोबतच्या सामग्रीची, वाट वेगळी. तिथे बिघाड टाळण्याचा आटापिटा नाही. बिघडलेली प्रक्रिया (चालू असलेला कार्यक्रम) मरू द्यायची आणि तिच्यावरच्या मुकादमाने ती नव्याने सुरू करायची. टेलिफोन एक्सचेंजमध्ये मुरलेले हे शहाणपण आहे.

आता आयसिससारखा संच थेट हाताळणारे थोडे. एकमताचे काम तयार सेवांकडे, म्हणजे याहूत जन्मलेल्या झूकीपरकडे किंवा २०१४च्या राफ्ट या एकमताच्या पद्धतीवर चालणाऱ्या एट्सीडीकडे सोपवले जाते. अनेक संगणकांवर सॉफ्टवेअर चालवून सांभाळणारे कुबरनेटीस वापरणाऱ्याच्या हाताखाली सहसा एट्सीडीच असतो. मात्र त्याचे तिन्ही संगणक पणजीतल्या पाटोवरच्या एकाच इमारतीत, एकाच यूपीएसवर ठेवले, तर यूपीएस बसल्यावर तिन्ही एकदमच जातात.