रनिंग मेट : अमेरिकेतील उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची निवड

अमेरिकेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन पदांसाठी प्रत्येक पक्ष एक जोडी उभी करतो आणि मतदार त्या जोडीला मिळून एकच मत देतो. अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्याचा, अशी निवड त्याला करता येत नाही. जोडीतल्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ‘रनिंग मेट’ म्हणतात. तो कोण असावा हे आज व्यवहारात एकटा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवतो; पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनातले प्रतिनिधी त्या नावावर शिक्कामोर्तब करतात. अध्यक्षपदाचा उमेदवार प्रायमरीतल्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या प्राथमिक निवडणुकांतल्या, लाखो मतदारांच्या कौलातून पुढे येतो, पण वेळ आल्यास त्याच्या जागी बसणारा माणूस कोण, हे त्या मतदारांना कोणी विचारत नाही. आजवर नऊ उपाध्यक्ष मुदतीच्या मध्येच अध्यक्ष झाले : आठ जण अध्यक्षाच्या मृत्यूमुळे, एक राजीनाम्यामुळे.

घटनाकारांनी अशा जोडीची कल्पना केलेली नव्हती. मूळ तरतुदीनुसार प्रत्येक निर्वाचक (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांकडून नेमला जाणारा प्रतिनिधी) दोन मते देई. सर्वाधिक मते मिळवणारा अध्यक्ष होई आणि त्याच्या खालोखालचा उपाध्यक्ष. पक्ष उभे राहताच ही व्यवस्था कोलमडली. १७९६ मध्ये जॉन ॲडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन उपाध्यक्ष. १८०० मध्ये जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली, आणि निकाल लावण्यासाठी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहाला मतदानाच्या ३६ फेऱ्या घ्याव्या लागल्या. १८०४ मध्ये मंजूर झालेल्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मते सुरू केली. निर्वाचकाने दोनांपैकी किमान एक मत परराज्यातल्या उमेदवाराला द्यावे, ही अट मात्र कायम राहिली. म्हणूनच २००० मध्ये टेक्ससमध्ये राहणाऱ्या डिक चेनी यांनी टेक्ससच्याच जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यासोबत उभे राहण्याआधी आपली मतदारनोंदणी वायोमिंगमध्ये हलवली.

एकोणिसाव्या शतकात हे नाव बहुधा पक्षाचे पुढारी अधिवेशनात ठरवत. हेतू एकच असे : तिकिटाचा, म्हणजे या जोडीचा, तोल सांभाळणे. उमेदवार उत्तरेचा असेल तर जोडीला दक्षिणेचा, एका गटाचा असेल तर दुसऱ्या गटाचा. १८६४ मध्ये यादवी युद्ध चालू असताना उत्तरेचे रिपब्लिकन अब्राहम लिंकन यांच्या जोडीला दक्षिणेतल्या टेनेसीचे डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन देण्यात आले. निवडणुकीपुरता तो शहाणपणाचा निर्णय होता. पण पुढच्याच एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांच्या हक्कांचे भवितव्य अशा माणसाच्या हाती गेले, ज्याने १८६६ चा नागरी हक्क कायदा नकाराधिकार वापरून अडवण्याचा प्रयत्न केला. मते जोडणारा माणूस आणि देश चालवू शकणारा माणूस एकच असेल असे गृहीत धरण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे दाखवणारे याहून ठळक उदाहरण नाही.

उमेदवाराचा शब्द अंतिम मानण्याची सुरुवात १९४० मध्ये झाली. हेन्री वॉलेस यांना घेतले नाही तर आपण उमेदवारीच नाकारू, असे फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पक्षाला बजावले. चार वर्षांनी मात्र पुढाऱ्यांनी जोर लावला. रूझवेल्ट यांची प्रकृती खालावल्याचे त्यांना दिसत होते, आणि वॉलेस अध्यक्ष होणे त्यांना नको होते. त्यातून हॅरी ट्रुमन यांचे नाव पुढे आले. उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले असताना, १२ एप्रिल १९४५ रोजी, ट्रुमन अध्यक्ष झाले. अणुबॉम्बच्या प्रकल्पाची संपूर्ण माहिती त्यांना त्यानंतर मिळाली. १९५६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी ही निवड अधिवेशनावर सोपवली. चुरशीच्या लढतीत एस्टेस केफॉव्हर यांनी जॉन केनेडी यांना हरवले. एका प्रमुख पक्षाच्या अधिवेशनाने उमेदवाराच्या शिफारशीविना, खुल्या मतदानाने रनिंग मेट निवडण्याची ती शेवटची वेळ.

आजची पद्धत घडली ती १९७२ च्या फजितीतून. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांना अनेकांनी नकार दिला होता आणि अधिवेशनाची वेळ संपत आली होती. घाईघाईत मिसुरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांचे नाव निश्चित झाले. त्यांच्या पूर्वायुष्याची चौकशी जवळजवळ झालीच नाही. नैराश्यासाठी ते तीनदा रुग्णालयात दाखल झाले होते आणि त्यांच्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार झाले होते, हे काही दिवसांतच बाहेर आले. मॅकगव्हर्न यांनी आधी पूर्ण पाठिंबा जाहीर केला, मग दडपणाखाली भूमिका बदलली. जुलैअखेर ईगलटन बाजूला झाले आणि पक्षाच्या राष्ट्रीय समितीने सार्जंट श्रायव्हर यांना नेमले. आजारपण हा ईगलटन यांचा गुन्हा नव्हता. त्या काळातल्या मानसिक आजाराबद्दलच्या भीतीने त्यांच्यावर अन्याय केला, असेच म्हणावे लागेल. चूक होती ती न विचारण्याची आणि न सांगण्याची. नोव्हेंबरमध्ये रिचर्ड निक्सन यांनी ४९ राज्ये जिंकली.

पुढच्या निवडणुकीत जिमी कार्टर यांनी घाई टाळली. इच्छुकांची आर्थिक आणि वैयक्तिक माहिती तपासून घेतली, त्यांतल्या काहींना जॉर्जियातल्या प्लेन्स या आपल्या गावी बोलावून सविस्तर बोलणी केली आणि मिनेसोटाचे सिनेटर वॉल्टर माँडेल यांना निवडले. कार्टर राजधानीच्या राजकारणात नवखे होते, माँडेल त्यात मुरलेले. निवडून आल्यावर माँडेल यांना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये, म्हणजे अध्यक्षांचे कार्यालय असलेल्या भागात, कार्यालय मिळाले. उपाध्यक्ष हा अध्यक्षांचा रोजचा सल्लागार बनला तो तेव्हापासून.

या चौकशीला ‘व्हेटिंग’ म्हणतात. विश्वासू वकिलांचे पथक यादीतल्या प्रत्येकाकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेते. प्राप्तिकर विवरणपत्रे, कर्जे, खटले, वैद्यकीय नोंदी, जुनी भाषणे, सभागृहातली मते, जोडीदाराचे व्यवसाय, सगळे उकरले जाते. कुटुंबीयांचे व्यवहारही सुटत नाहीत. १९८४ मध्ये प्रमुख पक्षाच्या पहिल्या महिला रनिंग मेट जेराल्डिन फेरारो यांच्या प्रचाराचे कितीतरी दिवस पतीच्या आर्थिक व्यवहारांवरच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात गेले. २००० मध्ये तर शोधाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्या चेनी यांचीच शेवटी निवड झाली. २००८ मध्ये जॉन मॅकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांना अगदी कमी वेळात निवडले; सभांना गर्दी लोटली, पण मुलाखतींमधून त्यांच्या तयारीच्या मर्यादा उघड झाल्या.

अमुक नेता घेतला की त्याचे राज्य खिशात, असा समज अजूनही आहे. १९६० मध्ये लिंडन जॉन्सन यांच्यामुळे केनेडी यांना टेक्सस मिळाले, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण १९८८ मध्ये टेक्ससचेच लॉइड बेंटसन जोडीला असूनही डेमोक्रॅट टेक्ससमध्ये हरले, २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स यांना नॉर्थ कॅरोलायना आणि २०१२ मध्ये पॉल रायन यांना विस्कॉन्सिन मिळवून देता आले नाही. बिल क्लिंटन यांनी १९९२ मध्ये भूगोलाचा तोल बाजूलाच ठेवला. स्वतः आर्कान्सॉचे असताना त्यांनी शेजारच्या टेनेसीचे, जवळपास समवयस्क अल गोर यांना घेतले आणि ते जिंकले. २०२० मध्ये जो बायडन यांनी महिलेलाच घेण्याचे आधी जाहीर करून कमला हॅरिस यांना निवडले. त्यांच्या आई श्यामला गोपालन मूळच्या तमिळनाडूच्या. २०२४ मध्ये बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतल्यावर हॅरिस यांना हीच निवड जेमतेम दोन आठवड्यांत करावी लागली. ६ ऑगस्टला त्यांनी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचे नाव जाहीर केले.

भारतीय वाचकाला ही पद्धत अपरिचित वाटते, कारण आपल्याकडे उपराष्ट्रपतींची निवडणूक स्वतंत्र होते आणि त्यात फक्त संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य मत देतात. दोन्ही देशांत हे पदाधिकारी वरिष्ठ सभागृहाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, पण वारसाहक्काचा नियम वेगळा आहे. मे १९६९ मध्ये झाकिर हुसेन यांचे निधन झाल्यावर व्ही. व्ही. गिरी केवळ कार्यवाहक राष्ट्रपती झाले आणि नव्याने निवडणूक घ्यावी लागली. अमेरिकेत उपाध्यक्ष उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी अध्यक्ष होतो.

उपाध्यक्षपद मध्येच रिकामे झाले तर ते भरण्याची सोय १९६७ पर्यंत नव्हती. केनेडी यांच्या हत्येनंतर ते जानेवारी १९६५ पर्यंत रिकामेच होते. पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार आता अध्यक्ष नाव सुचवतो आणि काँग्रेसची दोन्ही सभागृहे त्याला मंजुरी देतात. स्पायरो ॲग्न्यू यांनी राजीनामा दिल्यावर १९७३ मध्ये जेराल्ड फोर्ड असे आले. पुढच्या ऑगस्टमध्ये निक्सन पायउतार होताच ते अध्यक्ष झाले आणि त्यांनी नेल्सन रॉकफेलर यांना उपाध्यक्ष म्हणून सुचवले. डिसेंबर १९७४ पासून जानेवारी १९७७ पर्यंत अमेरिकेच्या या दोन्ही सर्वोच्च पदांवर देशव्यापी निवडणुकीत त्यासाठी मत न मिळालेल्या व्यक्ती होत्या.