विंडोज पुसलं गेलेलं नाही

लॅपटॉपवर विंडोज ठेवून शेजारी उबुंटू ही लिनक्स घराण्यातली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, हा उद्योग इंजिनिअरिंगची पोरं हल्ली सर्रास करतात. इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडतं, लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि विंडोजचा पत्ताच नसतो. कधी उलटं होतं: थेट विंडोज उघडतं, उबुंटू गायब. कधी नुसत्या काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ (सिस्टिम सुरू करून देणारा लिनक्सचा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर) एवढा शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. मग कुणीतरी जाणकार सांगतो, ‘फॉरमॅट मार.’ तसं करू नका. फायली बहुतेक वेळा जागच्या जागी असतात; बिघाड असतो तो त्यांच्यापर्यंत पोचण्याच्या वाटेत.

पॉवरचं बटण दाबलं की प्रोसेसर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम चालवतो. हा फर्मवेअर. विंडोज आणि लिनक्स या भानगडीशी त्याला काही देणंघेणं नसतं. पुढचा प्रोग्रॅम कुठून उचलायचा एवढंच त्याला ठाऊक असावं लागतं. बायोस नावाच्या जुन्या फर्मवेअरच्या काळात तो हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर वाचायचा. त्यात जागा अवघी 512 बाइट: 446 बाइट प्रोग्रॅमला, 64 बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, यादीला आणि उरलेले 2 खुणेला. एवढ्याशा जागेत एकच प्रोग्रॅम मावणार, म्हणजे जो शेवटी इन्स्टॉल झाला त्याने आधीच्याला पुसलं. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम तिथून आला.

विंडोज 8 च्या सुमारास, म्हणजे 2012 पासून, नव्या लॅपटॉपमध्ये यूईएफआय हे नव्या पद्धतीचं फर्मवेअर रुळलं आणि चित्र बदललं. आता डिस्कवर ईएफआय नावाचं एक वेगळं छोटं पार्टिशन असतं. विंडोजने केलेलं असेल तर बरेचदा 100 एमबीचं. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘उबुंटू’ असे दोन फोल्डर गुण्यागोविंदाने नांदतात, कुणी कुणाला पुसत नाही. यांपैकी आधी कुणाला बोलवायचं याची यादी मात्र डिस्कवर नसते. ती मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. नवी सिस्टिम इन्स्टॉल होताना या यादीत स्वतःचं नाव सर्वांत वर घालते. शेवटी येऊन रांगेत पुढे घुसणाऱ्यासारखंच हे. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर, किंवा फर्मवेअर अपडेट केल्यावरही, हा क्रम पुन्हा बदललेला सापडतो.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. लॅपटॉप सुरू होताना बूट मेनूची की दाबायची: डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलवर एफ12, एचपीवर एस्केप आणि मग एफ9. यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ आणि ‘उबुंटू’ दोन्ही दिसले तर निम्मं काम झालं. हवं ते निवडा, आणि ते सुरू झालं तर फर्मवेअरच्या सेटअपमध्ये जाऊन क्रम कायमचा लावून टाका.

ग्रबचा मेनू येतो पण त्यात विंडोजच नाही, ही तक्रार 2021 नंतर वाढली. त्या वर्षीच्या ग्रब 2.06 पासून दुसऱ्या सिस्टिम शोधून काढण्याची सोय सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेली असते. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये ‘ओएस-प्रोबर’ची (हा शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमची) ओळ बदलून शोधाला परवानगी द्यायची आणि मेनू नव्याने तयार करायचा. एवढं करूनही विंडोज दिसत नसेल तर एक सिस्टिम जुन्या बायोस पद्धतीने आणि दुसरी यूईएफआयने टाकली गेली का ते बघा. एका पद्धतीने सुरू झालेला ग्रब दुसऱ्या पद्धतीची सिस्टिम सहसा सुरू करू शकत नाही.

सिक्युअर बूटची गोष्ट जरा गुंतागुंतीची. ज्याची डिजिटल सही ओळखीची नाही असा प्रोग्रॅम ते चालू देत नाही. लिनक्सवाले त्यासाठी ‘शिम’ नावाचा, मायक्रोसॉफ्टने सही केलेला छोटा प्रोग्रॅम आधी चालवतात. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या, धोकादायक ठरलेल्या बूटलोडरना मनाई करणारी नोंद फर्मवेअरच्या मेमरीत लिहिली. दोन सिस्टिम असलेल्या लॅपटॉपना ती लागू व्हायची नव्हती. तरी अनेकांना झाली आणि लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणत बंद पडू लागलं. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून, लिनक्समधून ती नोंद काढून, मग ते परत सुरू करणं हा त्यावरचा मार्ग होता. मायक्रोसॉफ्टची कायमची दुरुस्ती मे 2025 मध्ये आली. चूक कुणाची हे स्पष्टच आहे. पण जुना बूटलोडर वर्षानुवर्षं अपडेट न करणंही शहाणपणाचं नव्हे.

सिक्युअर बूटला हात लावण्याआधी मात्र बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, सुरू आहे का ते तपासा. सुरू होण्याच्या वाटेत काही बदललं की टीपीएम चिप कुलपाची किल्ली द्यायला नकार देते आणि निळ्या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच कागदावर उतरवून ठेवा, कारण ती नसेल तर डेटा खरोखरच गेला.

लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नसेल तर विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. त्यात शटडाउन म्हणजे अर्धवट हायबरनेशनच असतं: विंडोज पुरतं बंद होत नाही, ड्राइव्ह अडवूनच ठेवतं. आणि उबुंटूवरून परतल्यावर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेलं दिसलं तर बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की दोघांचं जमतं.

पुढे उबुंटू नकोसं झालं आणि विंडोजमधून त्याचं पार्टिशन उडवलं, तर ईएफआय पार्टिशनमधला ग्रब आपली मेनूची फाइल शोधत राहतो, ती सापडत नाही, आणि सुरुवातीला सांगितलेला काळा पडदा येतो. म्हणून आधी बूट क्रमात विंडोज वर आणायचं, मगच पार्टिशन काढायचं. ‘उबुंटू’चा फोल्डर मागे उरतो; तो काही एमबींचाच असतो, राहिला तरी काही बिघडत नाही.