संवादविरहित ब्रिटिश विनोदी चित्रपट

पात्रांच्या संभाषणावाचून केवळ हालचाली, वस्तू, ध्वनी व संगीत यांच्या आधारे हास्यनिर्मिती करणारा चित्रपटप्रकार. बोलपटाचे तंत्र हाताशी असूनही यात शब्द जाणीवपूर्वक बाजूला ठेवलेले असतात. मात्र हुंकार, अर्धवट पुटपुटणे, दाराची करकर आणि धडपडीचे आवाज यांना त्यात मोठे महत्त्व असते.

या परंपरेचे मूळ इंग्लंडमधील पँटोमाइम (परीकथांवर आधारलेले नाचगाण्यांचे विनोदी नाट्य) व म्यूझिक हॉल (गाणी, नकला व कसरती यांचा करमणुकीचा कार्यक्रम) या रंगमंचीय प्रकारांत आहे. चार्ली चॅप्लिन व स्टॅन लॉरेल हे दोघेही अमेरिकेत नाव मिळवण्यापूर्वी म्यूझिक हॉलचे निर्माते फ्रेड कार्नो यांच्या विनोदी नाटक मंडळीत तयार झाले होते. रिचर्ड लेस्टर, पीटर सेलर्स व स्पाइक मिलिगन यांच्या १९५९ मधील अवघ्या अकरा मिनिटांच्या लघुपटाने ही परंपरा नव्याने पुढे आणली.

एरिक सायक्स दिग्दर्शित ‘द प्लँक’ (१९६७) हा या प्रकाराचा उत्तम नमुना मानावा लागेल. बांधकाम चालू असलेल्या घरात तक्तपोशीची एक फळी कमी पडते आणि ती आणण्यासाठी दोन कामगार निघतात, एवढेच त्याचे कथानक. खांद्यावर लांब फळी घेतलेला माणूस वळू लागला की तिचे मागचे टोक कोणाला लागणार हे प्रेक्षकाला आधीच दिसते, पण वाटेत उभ्या असलेल्याला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे हसू फटका बसण्याच्या आधीच फुटू लागते, आणि फटका हुकला तर दुप्पट होते. सायक्स यांची श्रवणशक्ती ऐन उमेदीत खालावली होती व चष्म्याच्या काड्यांत बसवलेले श्रवणयंत्र ते वापरत. तथापि त्यांच्या दृश्य विनोदाचे सारे श्रेय त्या व्यंगाला देणे अन्यायाचे होईल, कारण हे कसब त्यांच्या काटेकोर वेळसाधनेचे आहे.

रॉनी बार्कर व मायकेल हॉर्डर्न यांच्या ‘फटक्स एंड’मध्ये (१९७०) गावाकडील वाड्यात जमलेल्या पाहुण्यांच्या शिष्टाचाराची फजिती दाखवली आहे. काहीही घडले तरी काहीच घडले नाही असे भासवण्याच्या इंग्रजी संकोची वृत्तीला शब्दांचा अभाव विशेष मानवतो.

भाषेची अडचण नसल्याने रोवन ॲटकिन्सन यांचा १९९० पासून दूरचित्रवाणीवर आलेला मिस्टर बीन इंग्रजी न येणाऱ्या भारतीय घरांतही आपलासा झाला. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओच्या ‘शॉन द शीप मूव्ही’ने (२०१५) तर पूर्ण लांबीचे कथानक एकाही सुस्पष्ट वाक्याविना पेलले. त्यात स्मृती गमावलेला शेतकरी शहरातील केशकर्तनालयात शिरतो आणि हाताला असलेल्या सवयीने एका नामांकित ग्राहकाचे केस मेंढी भादरावी तसे भादरतो. ती तऱ्हा पाहता पाहता शहरभर फॅशन बनते.