‘व्यापारेतर बाबी’ : ब्रिटनमधील स्थानिक संस्थांच्या नैतिक खरेदीची पार्श्वभूमी

पुरवठादाराला दर आणि दर्जा यांपलीकडे काय विचारायचे, हा प्रश्न ब्रिटनमधील कौन्सिलांना नवा नाही. प्रचलित मजुरी देणाऱ्या कंत्राटदारांनाच काम द्यायचे, असे लंडनमधील निर्वाचित संस्थांनी १८८९ मध्येच ठरवले होते. दोन वर्षांनी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने ‘न्याय्य मजुरी’चा ठराव करून तेच तत्त्व सरकारी कंत्राटांना लावले. हा ठराव कायदा नव्हता आणि कौन्सिलांना बंधनकारकही नव्हता, तरी अनेकींनी त्यातील अट आपल्या कंत्राटांत उतरवून घेतली. १९४६ च्या सुधारित मसुद्यानंतर ही व्यवस्था जवळपास गृहीत धरली गेली. १९८३ मध्ये ठराव रद्द झाला तेव्हा मात्र कौन्सिलांच्या हाती मागे फक्त सवय उरली.

याच काळात काही कौन्सिलांनी खरेदीचा वापर अधिक उघडपणे सुरू केला. कंत्राटदाराकडे स्त्रिया आणि अल्पसंख्य किती आहेत, त्याचा वर्णभेदी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेशी व्यवहार आहे का, असे प्रश्न निविदेच्या कागदांत आले. लंडनमधील एका बरो कौन्सिलने दक्षिण आफ्रिकेत व्यवसाय असलेल्या एका तेल कंपनीचा माल घेणे थांबवले आणि प्रकरण न्यायालयात गेले. तिथला निकाल बहिष्काराच्या बाजूने किंवा विरोधात असा सरळ सांगितला जातो. प्रत्यक्षात तो तसा नाही. आपल्या हद्दीतील वांशिक सलोख्यासाठी कोणाकडून खरेदी करावी याचा विचार करणे कौन्सिलच्या अधिकारात बसू शकते, हे न्यायालयाने नाकारले नाही. त्या कंपनीने दक्षिण आफ्रिकेशी संबंध तोडावेत म्हणून दबाव आणणे हा हेतू मात्र त्याने बेकायदा ठरवला. कृती एकच असली तरी तिची वैधता हेतूवर ठरली.

त्यानंतर आलेल्या १९८८ च्या स्थानिक शासन कायद्याने हेतू तपासण्याची गरजच काढून टाकली. त्याच्या कलम १७ ने कंत्राट देताना ‘व्यापारेतर बाबी’ विचारात घेण्यास मनाई केली आणि अशा आठ बाबींची यादी दिली. कामगारांच्या सेवाशर्ती आणि कामगारवर्गाची रचना, औद्योगिक तंट्यातील वर्तन, मालाचा मूळ देश, राजकीय किंवा सांप्रदायिक लागेबांधे या त्यांपैकी काही. अपवाद वांशिक संबंधांपुरता होता, तोही मंत्र्यांनी मंजूर केलेल्या ठरावीक प्रश्नांच्या चौकटीत. स्त्रियांच्या समान संधीसाठी तशी वाट ठेवली नव्हती.

मला या कायद्यातला सर्वांत फसवा शब्द ‘व्यापारेतर’ हाच वाटतो. कंत्राटदार मजुरी किती देतो यावर त्याचा दर ठरतो आणि कामगार टिकतात की सोडून जातात यावर कामाचा दर्जा. यापेक्षा व्यापारी बाब दुसरी कोणती? तरीही कायद्याने तिला यादीच्या पहिल्याच क्रमांकावर बसवले. कोणती बाब व्यापाराची नाही याचे वर्णन म्हणून ही यादी पटत नाही. सरकारला कौन्सिलांच्या तोंडून कोणते प्रश्न ऐकायचे नव्हते त्यांची नोंद म्हणून ती अगदी नेमकी आहे. दुसरी बाजूही नमूद करायला हवी. काही निविदांत राजकीय भूमिकेची चाचपणी खरोखरच होत होती आणि लहान पुरवठादाराला ती जाचक होती.

१९९९ च्या कायद्याने ‘सर्वोत्तम मूल्य’, म्हणजे केवळ स्वस्त दर न पाहता दर आणि दर्जा दोन्ही पाहणे, ही कसोटी आणली आणि २००१ मध्ये इंग्लंडपुरती सेवाशर्ती व औद्योगिक तंटे यांवरील बंदी, त्या कसोटीसाठी आवश्यक असेल तेवढीच, सैल झाली. बाकीची यादी तशीच राहिली.

पुढचा अडथळा, ब्रिटन तेव्हा सदस्य असलेल्या युरोपीय संघाच्या कायद्याचा होता आणि तो एका नेदरलँड्समधील प्रांताच्या कॉफी यंत्रांच्या निविदेतून स्पष्ट झाला. प्रांताने सेंद्रिय उत्पादनाचे एक आणि न्याय्य व्यापाराचे, म्हणजे उत्पादकाला रास्त दाम देणाऱ्या व्यापाराचे, एक अशा दोन विशिष्ट लेबलांचा उल्लेख करून माल मागितला होता. लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाने १० मे २०१२ रोजी सांगितले की लेबलामागचे निकष मागता येतात, पण ते निविदेत लिहून मागावे लागतात. लेबलाचे नाव टाकून भागत नाही. माल न्याय्य व्यापारातून आला आहे का, याला गुण देण्यास न्यायालयाने हरकत घेतली नाही. पुरवठादाराने ‘शाश्वत खरेदी आणि सामाजिक जबाबदारी’ पाळावी ही मोघम अट मात्र टिकली नाही. २०१४ च्या युरोपीय निर्देशाने लेबल मागण्याची मुभा दिली, समतुल्य पुरावा स्वीकारण्याच्या बंधनासह.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या सामाजिक मूल्य कायद्याने सेवा खरेदी करण्यापूर्वी परिसराच्या हिताचा विचार करणे सक्तीचे केले. तो विचार प्रत्यक्ष निवडीत उतरलाच पाहिजे असे त्यात नाही. २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर वार्षिक निवेदनाचे बंधन घातले आणि पुरवठादारांसाठी कौन्सिलांनी केलेल्या आचारसंहितांना त्यातून निदान एक पुरवणी कागद मिळाला. २०२३ च्या खरेदी कायद्याने कलम १७ चे बंधन शिथिल करण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला. कलम मात्र रद्द केले नाही, त्यामुळे नव्या निविदेत मालाचा मूळ देश विचारण्यापूर्वी खरेदी अधिकाऱ्याला १९८८ ची यादी अजून उघडावी लागते.