४२९४९६७२९५ आणि ४२९४९६७२९७ : अंतर दोनचं, घडण वेगळी

४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७ या दोन संख्यांची हमखास गल्लत होते. मधली सम संख्या म्हणजे २ चा ३२वा घात. पहिली त्याहून एकने कमी, दुसरी एकने जास्त.

कमी असलेलीचे अवयव कागदावर सहज पडतात. शेवटी ५ आहे आणि अंकांची बेरीज ५७, म्हणजे ५ आणि ३ दोन्हींनी भाग जातो. वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र पुन्हा पुन्हा लावलं की सगळी उकलते: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. हे पाचही अवयव मूळ आहेत.

जास्त असलेलीला असं सूत्र लागू पडत नाही. वरचे पाच अवयव २ चा १ला, २रा, ४था, ८वा आणि १६वा घात घेऊन त्यात १ मिळवल्यावर येतात. त्यांच्यापुढची हीच संख्या. फर्मा या गणितज्ञाला ती मूळ वाटत होती. ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये ६४१ हा अवयव काढला.

अवयव शोधताना प्रत्येक मूळ संख्या तपासायची गरज नाही. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवून येतो (हा नियम ऑयलरनंतरचा). म्हणून ६४१ पर्यंत १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढेच उमेदवार उरतात. १२९, ३८५, ५१३ संयुक्त आहेत. २५७ ने धाकटीला पूर्ण भाग जातो, म्हणून थोरलीला भागल्यावर बाकी २ उरते. राहिला ६४१.

त्याचा पडताळा फार सुंदर आहे. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ६४१ ने भागल्यावर ५ × १२८ ची बाकी −१ धरा. चौथा घात केला की ६२५ × (२ चा २८वा घात) याची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६, म्हणून ६२५ च्या जागी −१६ लिहा. २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ येते, त्यात १ मिळवला की शून्य. भागाकार ६७००४१७, तोही मूळ.

म्हणून धाकटीला ३२ विभाजक, थोरलीला फक्त चार. दोन्ही विषम आणि फरक २ चा, त्यामुळे मसावि १. धाकटीच्या १ सोडून ३१ विभाजकांएवढ्या बाजूंचे सुसम बहुभुज केवळ पट्टी-कंपासने काढता येतात. विषम बाजूंचे असे दुसरे बहुभुज आजवर माहीत नाहीत. ६४१ बाजूंचा मात्र तसा काढताच येत नाही.

संगणकावर तपासताना एक चूक वारंवार होते. चिन्ह नसलेल्या ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे धाकटी. थोरली तिथे ठेवली की सी भाषेत १ उरतो. मग ६४१ ने भागल्यावर बाकी १ दिसते आणि ‘भाग जात नाही’ असं चुकीचं उत्तर मिळतं. संख्या ठेवण्याआधीच ६४ बिटांचा प्रकार घ्या. नंतर बदलून हरवलेला अंक परत येत नाही.