शिक्का पुस्तकाचा की लेखकाचा?

गेल्या दिवाळीत मावसभावाचा फोन आला. “नेमाडेंची ती ज्ञानपीठवाली कादंबरी कुठली रे? तीच मागवतो.” अशी कुठली कादंबरीच नाही, हे त्याला पटवण्यात माझा अर्धा तास गेला.

घोळ त्याचा एकट्याचा नाही. ज्ञानपीठ आणि साहित्य अकादमी ही नावं आपण एका दमात घेतो; मुखपृष्ठावर दोन्हींची जाहिरात सारख्याच ठसठशीत अक्षरांत असते. पण अकादमीचा पुरस्कार मिळतो एका पुस्तकाला आणि ज्ञानपीठ मिळतं लेखकाला, त्याच्या आयुष्यभराच्या लेखनासाठी. अकादमी दरवर्षी २४ भाषांना स्वतंत्र पुरस्कार देते. ज्ञानपीठ सगळ्या भाषांत मिळून बहुधा एकच. शिवाय ते सरकारी नाही, खासगी न्यासाचं आहे.

मराठीला ज्ञानपीठ मिळालं चौघांच्या रूपाने: खांडेकर (१९७४), कुसुमाग्रज (१९८७), विंदा (२००३), नेमाडे (२०१४). त्यातले मधले दोघे मुख्यतः कवी. म्हणजे कादंबरी शोधणाऱ्याच्या हाती उरले दोन लेखक. खांडेकरांच्या वेळी ज्ञानपीठ एका ठरावीक कृतीसाठी दिलं जाई, म्हणून ‘ययाति’ ही खरोखरच ‘ज्ञानपीठवाली कादंबरी’. तिला १९६० साली अकादमीचाही पुरस्कार मिळाला होता. कृतीचा निकष १९८०च्या दशकात सुटला. त्यामुळे नेमाड्यांचं ज्ञानपीठ त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांपैकी ना ‘कोसला’चं, ना ‘हिंदू’चं.

आणि त्यांचा अकादमी पुरस्कार? तो १९९१चा, ‘टीकास्वयंवर’साठी. ते समीक्षेचं पुस्तक आहे. शिक्का बघून गोष्ट वाचायला बसलात तर पंचवीस पानांत घाम फुटेल.

अकादमीची खरी गोम तिच्या नियमात आहे: पुस्तक अलीकडच्या ठरावीक वर्षांतलं लागतं. एखादी कादंबरी मोठी आहे हे कळायलाच पुष्कळदा वीस वर्षं जातात, तोवर तिची वेळ टळलेली असते. मग मान मिळतो त्याच लेखकाच्या दुसऱ्याच पुस्तकाला. व्यंकटेश माडगूळकरांना तो १९८३ साली ‘सत्तांतर’साठी मिळाला, ‘बनगरवाडी’ येऊन तेव्हा जवळजवळ तीन दशकं झाली होती. विश्राम बेडेकरांना १९८५ साली मिळाला तो आत्मचरित्रासाठी. त्यांची कादंबरी ‘रणांगण’ १९३९ची, तेव्हा अकादमीच नव्हती! ‘सत्तांतर’ही सुरेख आहे, प्रश्न तो नाही, पण माडगूळकर पहिल्यांदाच वाचणाऱ्याच्या हाती मी ‘बनगरवाडी’च देईन.

आजच्या कादंबरीत काय चाललंय हे बघायचं असेल तर मात्र अकादमीची यादी कामाची. मी तिथूनच सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’पर्यंत (२००४) पोहोचलो, आणि अलीकडे कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’पर्यंत (२०२३). विस्थापित गावात मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात निघालेल्या माणसाची ही गोष्ट मी दोन रात्रींत संपवली.

ज्ञानपीठाची यादी वाचायची ती लेखकांची यादी म्हणून. गोव्याचे दामोदर मावजो तिथे २०२१ साली आले. त्यांच्याकडे जायची वाट मात्र अकादमीने १९८३ सालीच दाखवली होती, ‘कार्मेलीन’ या कोंकणी कादंबरीला पुरस्कार देऊन.

मावसभावाने शेवटी ‘कोसला’ घेतली. ‘हिंदू’ पण घेऊ का, असं विचारत होता. म्हटलं, आधी ‘कोसला’तल्या सांगवीकराला पुण्याहून गावी परत जाऊ दे.