पार्श्वभूमी : ‘हिंस्र’ कुत्र्यांची यादी आणि मळ्यावरचा ताबा

रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यावर रॉटवायलर बांधलेला दिसला, तर आता कुणाला नवल वाटत नाही. विहिरीवरची मोटार, केबल, ठिबकच्या नळ्या रात्रीतून गायब होतात, म्हणून राखणीला दांडगं कुत्रं हवं. मालक जळगावात किंवा भुसावळात राहतो. कुत्र्याला भाकर घालतो सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला शेतगडी, आणि त्याची लेकरं त्याच खोपीजवळ खेळतात. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना काळ्या अंगाचं ते जनावर दिवसभर पत्र्याखाली साखळीला असतं. अशा कुत्र्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न ‘हिंस्र’ जातींवरच्या बंदीच्या 2024 च्या वादात जवळपास कुणी विचारला नाही.

त्या वादाची मुळं इंग्लंडात आहेत. बैलावर कुत्री सोडण्याच्या खेळावर तिथे 1835 मध्ये बंदी आली, आणि पुढे खड्ड्यात कुत्र्यांच्याच झुंजी चोरून होऊ लागल्या. ‘पिट’ म्हणजे तोच खड्डा. 1991 मध्ये ब्रिटनने पिटबुल, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलिरो या चार प्रकारांवर कायद्याने निर्बंध घातले. त्या कायद्याचा भर कागदोपत्री वंशावळीवर नव्हता, कुत्रा दिसतो कसा यावर होता. पुढची सगळी भांडणं तिथूनच निघाली.

आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने केंद्राला धोकादायक जातींवर बंदी घालण्याच्या मागणीवर तीन महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं. 12 मार्च 2024 ला पशुसंवर्धनाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचं पत्र सर्व राज्यांना गेलं. 23 जाती आणि त्यांचे संकरही माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, परवाने देऊ नका, आणि आधीच पाळलेल्यांची नसबंदी करा, असा त्याचा आशय होता.

यादी वाचली की घाई दिसते. टोसा दोनदा आला आहे. ‘मास्टिफ’ आणि ‘टेरियर’ ही तर एकेका जातीची नावंच नाहीत, ती आख्ख्या कुळांची नावं आहेत. टेरियरमध्ये मांडीवर बसणारी कुत्रीही येतात. कांगाल आणि मध्य आशियाई मेंढपाळ कुत्रेही यादीत आहेत. लांडग्यापासून कळप राखणं हे त्यांचं पिढीजात काम, म्हणजे साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यासोबत फिरणारी आपली कुत्री जे करतात तेच. फरक एवढाच की ठेलाऱ्याचं कुत्रं मेंढरांबरोबर मोकळं चालतं, रोज वाटेवरची नवी माणसं पाहतं आणि हाकेसरशी मागे फिरतं. एकाही देशी जातीचं नाव यादीत नव्हतं. चावरेपणा रक्तात किती आणि वागवण्यात किती, हे अशा यादीतून कळत नाही. अर्थात जबड्याची ताकद आणि अंगाचं वजन खोटं नसतं. चाळीस-पन्नास किलोचं कुत्रं लेकराच्या अंगावर गेलं तर सोडवायलाही वेळ मिळत नाही, आणि बंदी मागणाऱ्यांची भीती याच अनुभवातून आलेली आहे.

10 एप्रिल 2024 ला कर्नाटकच्या उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं ऐकून घेतलं नाही, हा मुख्य आक्षेप होता. दुसरी बाजूही त्याच निकालात आहे, पण तिची चर्चा फार कमी झाली. कुत्र्याला वळण लावणं हे मालकाचं काम आहे, आणि चावा घेतला तर उपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई त्यानेच द्यायची, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे 2 मे 2024 ला केंद्राने हरकती मागवल्या, साठ दिवसांची मुदत दिली.

जबाबदारी ठरवायला नवा कायदा लागत होता का? 1860 च्या दंडसंहितेत कलम 289 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम 291 झालं. प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी हा दंड एक हजार होता. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीही पाळीव कुत्र्याचं लसीकरण आणि जंतनाशक मालकावर टाकलं आहे. महापालिकांना तर 1949 च्या कायद्याने कुत्र्यांवर कर बसवण्याची मुभा आहे, आणि जळगाव, धुळे ही शहरं 2003 पासून महापालिका आहेत. पण मळे त्यांच्या हद्दीबाहेर.

तिथे उरतं 291. त्याची भाषा नीट वाचावी लागते. हे कलम बोलतं ते ‘ताब्यात’ असलेल्या प्राण्याबद्दल. शहरात मालकी आणि ताबा सहसा एकाच घरात असतात. मळ्यावर तसं नाही. कुत्रा विकत घेणारा, लसीचा कागद जवळ ठेवणारा एक, आणि साखळी सोडणारा दुसरा. चावा झाला की पोलीस आधी ज्याला गाठतात तो सालदार. हे मला चुकीचं वाटतं. ज्याने कुत्रा राखणीसाठी आणला, त्याचा ताबा मळ्यातून घरी गेल्याने सुटत नाही, असंच या शब्दाचं वाचन व्हायला हवं.

2025 मध्ये सगळी चर्चा भटक्या कुत्र्यांकडे वळली. सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्टचा आदेश, 22 ऑगस्टची दुरुस्ती, मग 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं भटक्या कुत्र्यांपासून मोकळी करण्याचा आदेश. पाळलेल्या कुत्र्यांचा विषय त्यात मागे पडला. ताबा म्हणजे काय, हे सालदाराला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याच्याकडे ना लसीचा कागद आहे, ना तोंडाला बांधायची जाळी.